मामा खोक्यावर बसतात

माझा खोका फुटत नाय. ही माझी ख्याती. कुणाची ख्याती पुरणपोळीत असते, कुणाची भांडणात, माझी खोक्यात. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत कुणाला पुण्याच्या लेकीला काचेच्या बरण्या पाठवायच्या असोत की नागपूरच्या जावयाला मूर्ती, माणूस पुठ्ठ्याचा खोका काखेत मारून आमच्या दारात उभा. "वहिनी, तेवढं पॅक करून द्या की. तुमचा हात लई चांगला हाय." हात चांगला हाय! ह्या एका वाक्यानं माझं जेवढं वाटोळं केलं तेवढं कुणी शिव्या देऊनही केलं नसतं.

आधी घरातली माणसं सांगते. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात अन् सासऱ्याला मामा. आत्या लोणची करतात. कैरीचं, लिंबाचं, मिरचीचं, अन् जोडीला येसर, म्हणजे आमचा आमटीचा मसाला. मामांनी जन्मभर ट्रक चालवला, आता घरी असतात. मी थोरली सून. माझ्या मालकांची शेंद्र्याला कंपनीत पाळीची नोकरी. धाकटा दीर अन् त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, वरच्या खोलीत राहतात.

मी लग्न होऊन आले ती गणितात बीएस्सी अन् वर बीएड होऊन. आत्यांची गिऱ्हाइकं तेव्हा नुकतीच फोनवरून वाढायला लागली होती, अन् पोस्टानं धाडलेले खोके तेल गळत गळत परत येत होते. पोस्टाच्या खिडकीवरचा माणूस तर खोका आधी नाकालाच लावायचा. वास आला की "घेऊन जा." आत्या रडकुंडीला आल्या होत्या. मी नवी नवरी, चांगलं दिसायची हौस. म्हणलं, "आत्या, मी बघू का?" घ्या. आ बैल मुझे मार.

चूक साधी होती. आत्या अन् कामाच्या बायका लोणच्याच्या हातानंच टेप लावायच्या. कैरी फोडून, मसाला कालवून, पदराला हात पुसला की झाले हात स्वच्छ! पण तेलाचं बोट पुठ्ठ्याला लागलं की तिथं टेप धरत नाय. दिसायला चिकटलेला दिसतो, अन् पोस्टाच्या गोणीत गेल्यावर पहिला तिथंच सुटतो. मग मी नियम केला. जी खोका भरंल तिनं लोणच्याला हात लावायचा नाय. आत्यांना हा नियम एवढा पटला की त्यांनी मला स्वैपाकघरातूनच उठवलं अन् बाहेरच्या खोलीत बसवलं. तेव्हापासून मी तिथं आहे.

त्या खोलीला एक खिडकी, तिला लोखंडी जाळी. सोफा होता तो गेला, त्याच्या जागी घडी घातलेल्या पुठ्ठ्यांची थप्पी. माझ्याभोवती इकडं रिकामे खोके, तिकडं भरलेले, मधे मी पाटावर. आत स्वैपाकघरात आत्या अन् कामाला येणाऱ्या बायका कैऱ्या फोडत फोडत सगळ्या मुकुंदवाडीची उणीदुणी काढत बसायच्या. मला अर्धंच ऐकू यायचं. कोण पळून गेलं ते कळायचं, कुणाबरोबर ते कळायचं नाय. "काय म्हणलात?" असं विचारायला उठावं तर आत्या ओरडायच्या, "आत येऊ नको गं, हाताला तेल लागंल!"

पण काम मी मन लावून केलं, खोटं कशाला बोलू. बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा, मग झाकण, झाकणाभोवती टेप, मग पिशवी, पिशवीची गाठ. खोका बरणीपेक्षा उगाच मोठा घ्यायचा नाय. बुडाला रद्दीचे बोळे, बाजूला बोळे, कोपऱ्यात तर ठासून. वरचा पदर बंद करायच्या आधी हातानं दाबून बघायचं, हात आत गेला तर अजून रद्दी. मग खोका कानाशी धरून हलवायचा. आत काही बोललं नाय पाहिजे. मग टेप. मधल्या फटीवरून ओढून दोन्ही बाजूंनी चार बोटं खाली उतरवायचा, नंतर दोन्ही कडा, अन् सगळ्यावरून कोरडा फडका दाबून फिरवायचा. पावसाळ्यात पुठ्ठा आधी पुसून घ्यायचा, दमट पुठ्ठ्याला टेप फसवतो. पत्त्यावर कुणी औरंगाबाद लिहितं, कुणी संभाजीनगर. मी पाठवणाऱ्याच्या जागी जे सुचंल ते लिहायचे, खोका पोचायचाच.

अन् मग मामा बसायचे.

हे आमच्या घरचंच, दुसरीकडं कुठं असंल असं वाटत नाय. मामांनी ट्रकवर माल कसा फेकतात ते आयुष्यभर बघितलेलं. त्यांचं म्हणणं, खोका बाहेर पडला की त्याला माय नाय अन् बाप नाय, वर काय पडंल त्याचा भरोसा नाय. म्हणून पोस्टात जायच्या आधी प्रत्येक खोक्यावर मामा बसणार. चांगले भारदस्त आहेत. चहाची कपबशी हातात घेऊन खोक्यावर बसायचे, दोन घोट घ्यायचे, जरा इकडं तिकडं डुलायचे अन् उठून म्हणायचे, "पास." मग पुढच्या खोक्यावर. गिऱ्हाइकाला माहीत नसंल, पण आमचं लोणचं मामांच्या खालून गेल्याशिवाय कुणाच्या ताटात गेलं नाय. माझा खोका एकदाही नापास झाला नाय. मामा पाहुण्यांना सांगायचे, "थोरलीचा खोका म्हंजे भिंत हाय, भिंत." अन् भिंत आपली चहा गाळायला आत जायची, नाही, आत जायची नाय, चहा बाहेर यायचा.

मास्तरकी मिळेपर्यंत हे बघ, असं ठरलं होतं. तालुक्याच्या शाळांत जागा निघायच्या, मी अर्ज करायचे, कुठं ना कुठं अडायचं. मग ह्या उन्हाळ्यात करमाडच्या एका खाजगी शाळेनं बोलावलं. आठवी-नववीला गणित. पाठ घेऊन दाखवायचा होता. सुट्टीतल्या जादा तासाची पोरं समोर बसलेली, मी अपूर्णांक शिकवले, अन् काय सांगू, माझं मलाच नवल वाटलं. पोरं हसत होती, हात वर करत होती, एक पोरगी उत्तर चुकलं तरी उभीच राहिली, म्हणली, "बाई, थांबा, मीच काढते." बोटांना खडू लागला होता. येताना बसमध्ये मी तो पुसला नाय. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "शाळा उघडते त्या सोमवारी या."

मी घरी आले अन् पेढे दिले. आत्यांनी पेढा खाल्ला, मला जवळ घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं. अन् म्हणाल्या, "माय गं, चांगलं झालं. फक्त कैरीचा हंगाम चालू हाय बघ."

"आत्या, सोमवारी जायचंय."

"जा की. तुला कुणी धरलंय का? फक्त खोके कोण भरंल तेवढं सांगून जा."

सासू छळत असती तर भांडले असते, माहेरी गेले असते, गल्ली गोळा केली असती. मला तोंड आहे, कुणाला भीत नाय मी. पण इथं दार सताड उघडं अन् उंबऱ्यात खोके. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "आईला मी काय बोलू? ती काय नाही म्हणली का?" नाही म्हणली नव्हती. तीच तर पंचाईत. कामाच्या बायकांना खोके भरायला बसवावं तर हात तेलाचे अन् लक्ष गप्पांत. आत्यांचा भरवसा एकीवरच बसला असता, घरच्या सुनेवर.

म्हणून मी जावेला शिकवायला घेतलं.

जाऊ दौलताबादची. सीताफळाच्या मळ्यातली पोरगी, चपळ, तोंडाळ, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून रस्त्यावर पळायला जाणारी. तिला पोलीस भरती द्यायची होती. घरात सगळे म्हणायचे, पळू द्या, हौस फिटली की बसंल. मी तिला समोर बसवलं अन् बीएडला शिकले ते सगळं पणाला लावलं. आधी करून दाखवलं, मग करून घेतलं, मग एकटीला करू दिलं. ती मान हलवायची, "व्हय ताई. कळलं ताई." अन् मामा तिच्या खोक्यावर बसले की खोका पापडासारखा मोडायचा. एकदा कोपराच बसला. एकदा टेप सुटून बरणी बाहेर. एकदा तर मामाच कलंडले, चहा सदऱ्यावर. "नापास!" मामा ओरडले. आत्यांनी कपाळाला हात लावला. जाऊ म्हणाली, "मला नाय जमत बाई. ताईंच्या हाताला ती कला हाय, आपल्याला कुठली?"

मी चिडून चिडून अर्धी झाले. सोमवार जवळ येत होता अन् ही बया रद्दीचे बोळे असे ठेवायची जसे काय देवापुढं फुलं ठेवतेय. "अगं, ठास! ठास की जरा!" मी ओरडायचे. ती हसायची.

शाळेच्या आधीच्या शनिवारी दुपारी माझी कात्री सापडंना म्हणून मी वर तिच्या खोलीत गेले. ती नव्हती. पलंगाखाली एक खोका होता, पत्ता सुरतचा, तिच्या बहिणीचा. बहीण नुकतीच बाळंत झाली होती, डिंकाचे लाडू अन् काचेच्या बाटलीत मध पाठवायचं चाललं होतं हे मला माहीत होतं. मी खोका ओढला. कोपरे दाबले. दगड. कानाशी धरून हलवला. आत चूं नाय की चां नाय. टेप दोन्ही बाजूंनी चार बोटं खाली उतरलेला, कडा दाबून बसवलेल्या, एक बुडबुडा नाय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तो खोका जमिनीवर ठेवला अन् सरळ त्याच्यावर बसले. डुलून बघितलं. हलला नाय.

तेवढ्यात दारात जाऊ.

"झाली का खात्री?" तिनं विचारलं.

"तुला येतंय!" मी बसल्या जागीच ओरडले. "तुला सगळं येतंय, अन् माझी दमछाक बघत बसलीस व्हय गं?"

ती दार लोटून खाली बसली. हसत नव्हती. "येतंय ताई. तुम्ही एवढं शिकवलं, दगडाला बी आलं असतं. पण राग नका येऊ देऊ, एक सांगते. तुमचा पहिला खोका फुटला असता ना, तर तुम्ही कवाच मास्तरीण झाला असता. तो पास झाला अन् तुम्ही बसल्या. मी नवी आले तेव्हाच हे बघितलं. माझा एक जरी पास झाला तर उद्यापासून पळणं बंद, भरती बंद, तो पाट माझा. म्हणून मी फोडते." मग म्हणाली, "तुम्हाला सांगायचं तर सांगा आत्याला. तुमचा हक्क हाय. तुम्ही सुटाल."

खरंच सुटले असते. एक वाक्य बोलायचं होतं खाली जाऊन. मी जिना उतरताना ते वाक्य जुळवत सुद्धा होते. माझ्यात लई मोठं मन आहे असं नाय, मला तिचा संताप आला होता, मी राबायचं अन् हिनं नाटकं करायची! पण जिन्यातल्या कठड्यावर तिचे पळायचे बूट धुवून वाळत घातले होते. टाचा झिजून गेलेल्या, एकाची नाडी सुतळीची. ते बघितलं अन् माझ्याच्यानं बोलवंना. तिला त्या जाळीच्या खिडकीखाली बसवून मी करमाडला जाऊन काय शिकवणार होते? खाली आत्यांनी विचारलं, "कात्री सापडली का?" मी म्हणलं, नाय.

मग माझ्या डोक्यात शिरलं, जे तिला जमतं ते मला कामून जमू नये? रविवारी एक खोका फोडायचा. मामा आपटले, बरणी फुटली, आत्या म्हणाल्या की हिचा हात गेला, हिच्यावर आता भरवसा नाय, की झालं. मग कामाच्या बायकांना शिकवा, बाहेरचा माणूस लावा, नायतर काय पाहिजे ते करा. सोमवारी मी बसमध्ये.

सोपं वाटलं होतं. रविवारी सकाळी खोका घेतला अन् ठरवून ढिसाळ भरायला लागले, तर हात ऐकंना. कोपरा मोकळा सोडायचा म्हणलं अन् बघते तर त्यात बोळा ठासलेला. टेप तिरका लावायचा म्हणलं तर तो सरळच गेला. मी फाडून पुन्हा लावला, पुन्हा सरळ. स्वतःच्या हाताला शिव्या दिल्या. मग टेप उचकटला, स्वैपाकघरातून एका बरणीच्या झाकणावरचं तेल बोटावर घेतलं अन् पुठ्ठ्याच्या फटीवरून, दोन्ही कडांवरून, अगदी देवाला गंध लावावं तसं फिरवलं. अन् बुडाची सगळी रद्दी काढून घेतली, मग वरून टेप ओढला. लग्नात सुद्धा एवढी भीती वाटली नव्हती.

मामा आले, कपबशी घेऊन, बसले. घोट घेतला. डुलले. खोक्यानं एक आवाज केला, कट्, अन् मामा खाली. बरणी पिचली, तेल बाहेर, मामांचा पांढराशुभ्र पायजमा हळदीला बसलेल्या नवऱ्यासारखा पिवळा. चहा भिंतीवर. मी खालमानेनं थांबले. आता बोला, मनात म्हणलं, आता बोला मला काहीतरी वाईट.

आत्या आतून आल्या, खोका बघितला, मामांना बघितलं, अन् मग माझ्याकडं बघून त्यांचा चेहराच उतरला. माझा हात धरला. "माय, हे काय झालं तुझ्या हाताला? दमलीस गं पोरी. किती वर्सं झाली, आम्ही बैलावानी जुंपलं तुला." मामा तेलकट पायजम्यानं तसेच उभे राहिले, म्हणाले, "बसू द्या तिला आता, आजच्या दिवस काही करायचं नाय तिनं." मला गादीवर बसवलं. हळद घालून दूध आलं. आत्या मीठ गरम करायला गेल्या, मनगट शेकायला. मी म्हणतेय, मला काही झालं नाय, तर कामाच्या बायका म्हणतात, दुखणं अंगावर काढू नये.

मामा पायजमा बदलून गच्चीवर गेले होते. ते खाली आले ते अगदी समाधानानं. "मी लावला फोन," म्हणाले. "कॅलेंडरवर तू नंबर लिहिला होता ना करमाडच्या बाईंचा. म्हणलं, पोरीची तब्येत बरी नाय, हात कामातून गेलाय, फळ्यावर लिहिणं तिला झेपायचं नाय. तुम्ही दुसरी बाई बघा. लई चांगल्या हायेत, म्हणाल्या, काळजी घ्या. तू आता बिनघोर राहा. तुला काही नाही म्हणायला लागू नये म्हणून मीच केलं."

मी ओरडले. मामांसमोर आवाज चढवायची ती पहिली वेळ. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? माझी नोकरी होती ती, माझी! तुम्ही कोण नाही म्हणणारे?" मामांचं तोंड लहान पोरासारखं झालं. मी फोन हिसकावला अन् तिथंच लावला. बाई बोलल्या, गोड बोलल्या. त्यांनी लगेच यादीतल्या दुसऱ्या बाईंना कळवलं होतं. त्या बाई जालन्याला सामान बांधायला सुद्धा लागल्या होत्या. "तुम्ही बऱ्या व्हा आधी," म्हणाल्या. मी बरीच आहे, म्हणलं. त्या म्हणाल्या, "हो हो, व्हालच."

करायला गेले गणपती अन् झाला मारुती. फोन खाली ठेवला अन् सगळ्यांपुढं सांगून टाकलं. "मुद्दाम केला मी तो खोका. तेल लावलं मी टेपाखाली. बुडाची रद्दी काढली. मला काही झालेलं नाय, मला जायचं होतं म्हणून फोडला!"

दारात जाऊ उभी होती. एकट्या तिला कळलं मी खरं बोलतेय ते. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी डोळ्यानंच दाबलं तिला, गप्प बस म्हणून. ती बोलली असती तर तिचंही बिंग फुटलं असतं.

अन् आत्या हसल्या. प्रेमानं हसल्या. "येडी कुठली. तू अन् मुद्दाम? तुझ्या हातून व्हायचंच नाय तसं काम. आम्हाला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतेस व्हय? एखादा खोका फुटतो, एवढं मनाला लावून घेऊ नये." मामा भिंतीवरचा चहा पुसत होते, ते वळून म्हणाले, "तिचा खोका बरोबरच असंल. मीच लई जड झालोय आता. उद्यापासून हळू बसत जाईन."

मी आणखी एकदा सांगितलं. मुद्दाम केला. कुणी ऐकलं नाय. आत्यांनी गरम मिठाची पुरचुंडी माझ्या मनगटावर धरली, अंगठ्यानं दाबून बघितलं अन् विचारलं, "इथं दुखतं का?"

दुखत नव्हतं. मी व्हय म्हणलं.